तंबोऱ्याचे तिकीट

परदेशी निघालेल्या माणसाच्या बॅगेवरून त्याचे गाव ओळखावे, असे माझे जुने मत आहे. सोलापूरकडचा असेल तर शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी निघते. कोल्हापूरकडचा असेल तर कांदा-लसूण मसाला निघतो. आणि आमच्या अलिबागकडचा असेल तर कडवे वाल, आमसुले, पोह्याचे पापड, आणि आईचा जीव फारच गुंतला असेल तर पांढऱ्या कांद्याची एक माळ. ती माळ पलीकडचा कस्टमवाला काढून ठेवतो आणि डोळ्यांना पाणी मात्र इकडे आईच्या येते.

पण हे सारे सामान सोयीचे. २३ किलोंच्या आत बसले की प्रश्न मिटला. न बसले तर वाल काढावेत, पापड ठेवावेत. यंदाच्या जानेवारीत मात्र आमच्या घरातून टोरांटोला जे सामान गेले, त्यातले काही काढता येईना आणि काही ठेवता येईना. ते सामान म्हणजे आमच्या आईचा तंबोरा.

या तंबोऱ्याची हकीगत थोडी मागून सांगावी लागेल. आई १९६८ साली लग्न होऊन अलिबागला आली. माहेरी तिचे गाणे चालू होते. सासरी आल्यावर ते बंद पडू नये म्हणून आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, मिरज गाठली आणि अडीचशे रुपयांना एक बायकी तंबोरा आणला. बायकी म्हणजे आकाराने जरा बेताचा, चार फुटांच्या आसपास. त्या काळी अडीचशे रुपये म्हणजे कारकुनाचा सबंध महिन्याचा पगार. मिरजेहून पुणे, पुण्याहून मुंबई हा प्रवास नानांनी आगगाडीत तंबोरा मांडीवर आडवा धरून केला. पुढे भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच. लाँचवाला म्हणाला, "मास्तर, खाली ठेवा टोपल्यांजवळ." टोपल्या मासळीच्या! नाना नाही म्हणाले. समुद्राचे पाणी उडू लागले तसा त्यांनी अंगातला कोट काढून गवसणीवर घातला आणि स्वतः सदऱ्यावर भिजत बसले. तिकीटवाला आला. त्याने त्या उभ्या गाठोड्याकडे पाहिले आणि मुलाचे घेतात तसे अर्धे तिकीट फाडले. नानांनी मुकाट्याने पैसे दिले. "घरात पहिले मूल आणले ते मी लाँचने," असे ते पुढे आयुष्यभर सांगत.

आमच्या या किनाऱ्याला वाद्यांचा प्रवास नवा नाही. अलिबाग, रेवदंडा, मुरूड या पट्ट्यातली भजनी मंडळे पिढ्यान्‌पिढ्या लाँचने आणि एस.टी.ने फिरत आली. पखवाज मांडीवर, पेटी पायांशी, टाळ पिशवीत. कंडक्टर कधी कुरकुरे, कधी "बुवा, एक अभंग होऊन जाऊ द्या" म्हणे. वाहन लहान होते, पण त्यात माणूस आणि सामान यांच्या मधल्या तिसऱ्या वर्गाला जागा होती. विमानात तो तिसरा वर्ग नाही. तिथे तुम्ही एक तर प्रवासी असता, नाही तर सामान.

हा प्रश्न आमच्या घरात आला तो माझ्या पुतणीमुळे. ती लहानपणापासून आजीजवळ गायला शिकली. आता नोकरीनिमित्त टोरांटोला असते. तिच्याजवळ तंबोरा आहे, पण तो फोनमध्ये. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरला इलेक्ट्रॉनिक तंबोरे तयार होऊ लागले, आणि आता तर तो नुसता एक अॅप होऊन खिशात बसला आहे. त्याला गवसणी लागत नाही, तार तुटत नाही, पट्टी बोटाने बदलते. मी तिला म्हटले, "मग उत्तमच की!" ती म्हणाली, "काका, तो कधी चुकतच नाही. त्यामुळे माझा कान आळशी झालाय. आजीसमोर बसले की आधी दहा मिनिटं तंबोरा लावायचा. त्यातच निम्मं गाणं व्हायचं."

हे ज्यांनी तंबोरा लावला आहे त्यांना सांगायला नको. इतरांसाठी थोडे सांगतो. तंबोऱ्याच्या चार तारा घोडीवरून जातात. घोडीचा माथा अगदी किंचित उताराचा असतो. त्यावर तारेखाली सुताचा एक धागा सरकवून योग्य जागी आणला की तार घोडीला पुसट चाटत वाजते आणि आवाज उमलतो. त्यालाच जवारी म्हणतात. जवारी साधली, तारा नीट लागल्या, म्हणजे खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. लहानपणी मला वाटे की भोपळ्यात कोणीतरी बसले आहे. पुढे एका पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याने सांगितले की तो तारेचा पाचवा उपस्वर. त्यामुळे भोपळ्यातला माणूस गेला, पण गोडी कमी झाली नाही.

तर पुतणी दिवाळीला आली आणि भाऊबिजेच्या दिवशी आजीजवळ जाऊन म्हणाली, "आजी, तुझा तंबोरा मला देशील?"

घरात एकदम शांतता झाली. आईचे वय ७८. बोटे संधिवाताने वाकली आहेत, तार छेडायलाही त्रास होतो. गेली चार वर्षे तंबोरा गवसणीत कोपऱ्यात उभा आहे. दर पावसाळ्यात सौ. त्याच्याजवळ विजेचा दिवा लावून ठेवते, कारण आमच्या हवेत मीठ आणि ओल दोन्ही. तारा गंजतात, लाकडाला बुरशी येते. पण रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर आई त्या गवसणीवरून हात फिरवते, हे आम्ही सगळे पाहतो.

प्रथम बोलला तो दादा, म्हणजे पुतणीचे वडील. "हा कशाला? मिरजेहून नवा घेऊ. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली सरकारनं भौगोलिक मानांकनसुद्धा दिलंय. हा मोडला तर?"

दादाचे भय खोटे नव्हते. २०१४ साली उस्ताद अमजद अली खाँ लंडनहून दिल्लीला परतले आणि त्यांचा अनेक वर्षांचा सरोद वाटेत हरवला. काही दिवसांनी तो सापडला खरा, पण ते दिवस त्यांनी कसे काढले असतील! कॅनडाचा गायक डेव्ह कॅरोल याची गिटार २००८ साली शिकागोच्या विमानतळावर हमालांनी फेकताना सहप्रवाशांनी खिडकीतून पाहिली. ती मोडली. भरपाईसाठी त्याने नऊ महिने पत्रव्यवहार केला आणि नकार आल्यावर २००९ साली त्यावर एक गाणेच रचले. ते जगभर लाखो लोकांनी ऐकले. ज्याची गिटार मोडली त्याला निदान गाणे रचता आले. आईच्या तंबोऱ्याचे काही झाले तर आमच्या घरात गाणे रचणारा कोणी नाही.

आईने सगळ्यांचे ऐकून घेतले. मग म्हणाली, "नवा खुशाल घ्या. पण नवा बोलायला लागेपर्यंत दहा वर्षं जातात. आणि तंबोऱ्यानं प्रवास करू नये म्हणता? अब्दुल करीम खाँसाहेबांचं ठाऊक आहे ना?"

१९३७ सालची गोष्ट. खाँसाहेब मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत जीव घाबरा झाला म्हणून सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा लावून घेतला, दरबारीत ईश्वराची आळवणी केली आणि तिथेच देह ठेवला. पुढे त्यांना मिरजेला आणले. आजही मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. खाँसाहेब स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात वाकबगार होते. तंबोऱ्याचे मोल त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी तो घरी जपून ठेवला नाही. बरोबर होता, म्हणून शेवटच्या घटकेला हाताशी आला.

"इथं कोपऱ्यात तो मोडणार नाही," आई म्हणाली, "पण वाजणारही नाही. आणि न वाजणारा तंबोरा मोडलेलाच की रे."

यावर दादा काही बोलला नाही. मीही नाही. प्रश्न "न्यावा का" हा राहिला नव्हता. "कसा न्यावा" एवढाच उरला होता.

मराठीच्या प्राध्यापकाला नियमावली वाचण्याची सवय असते; विद्यापीठाची परिपत्रके वाचून वाचून ती जडते. म्हणून ते काम माझ्याकडे आले. हातातल्या सामानाला सर्वसाधारणपणे ७ किलोंची मर्यादा, आणि ते डोक्यावरच्या फडताळात मावले पाहिजे. पोटातल्या सामानाची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज बहुधा १५८ सेंटिमीटरच्या आत हवी. आमचा तंबोरा नुसत्या लांबीतच १२० सेंटिमीटर. भोपळ्याची रुंदी-उंची धरली की हिशेब हद्दीबाहेर. वजन मात्र उणेपुरे चार किलो. कॉलेजात असे विद्यार्थी मी पाहिले आहेत. एका विषयात पहिले, दुसऱ्यात नापास.

पोटात घातला आणि तो मोडला, तर भरपाई किती? माँट्रियल येथे १९९९ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ती मर्यादा ठरवली आहे. आपला देश २००९ पासून त्यात आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेर ती मर्यादा वाढली आणि आपल्या रुपयांत ती पावणेदोन लाखांच्या आसपास येते. सामान ताब्यात देतानाच अधिक किंमत लिहून देऊन जादा आकार भरला, तर मर्यादा वाढवता येते. ज्यांचे वाद्य मोलाचे आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. दादाने विचारले, "आपण किती किंमत लिहायची?" आई म्हणाली, "अडीचशे." बाकीचे आकडे कोणालाच सुचले नाहीत.

दुसरी भानगड कस्टमची. जुन्या वाद्यांवर हस्तिदंताचे नक्षीकाम असते, घोडी कधी सांबरशिंगाची असते. असे वाद्य कागदपत्रांवाचून सीमेपलीकडे नेले तर जप्त होते. २०१४ साली बुडापेस्टच्या एका वाद्यवृंदाचे सात गज न्यूयॉर्कला अडकवून ठेवले, ते हस्तिदंताच्या शंकेवरून. शिसवीची वाद्येसुद्धा २०१७ पासून परवान्याच्या कचाट्यात होती. २०१९ च्या नोव्हेंबरापासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. आमच्या तंबोऱ्याची घोडी उंटाच्या हाडाची आणि फुले प्लॅस्टिकची निघाली. नानांनी स्वस्तातला घेतला होता, याबद्दल त्या दिवशी प्रथमच सर्वांना आनंद झाला.

तबलजींच्या अडचणी आणखी निराळ्या. तबला-डग्गा कसाबसा जातो, पण बरोबरची हातोडी विमानात नेता येत नाही. ती हत्यारांत मोडते! सूर उतरला तर उतरू द्यावा, पण हातोडी पोटातल्या बॅगेत घालावी.

अखेरचा उपाय म्हणजे तंबोऱ्याला शेजारची जागा घेणे. हा मार्ग नवा नाही. पाश्चात्त्य चेलोवादक वर्षानुवर्षे चेलोसाठी दुसरे तिकीट काढतात. लिन हॅरेल नावाच्या नामांकित वादकाने तर चेलोच्या नावाने प्रवासी-गुणांचे खातेही उघडले होते. २०१२ साली कंपनीने ते खाते बंद केले, आणि चेलोबरोबर त्याचेही केले! पैसे घेताना चेलो प्रवासी आणि गुण देताना तो सामान, हा न्याय आमच्या परीक्षा विभागालाही सुचला नसता.

भाडे ऐकून दादाने चष्मा काढून पुसला. पुतणी म्हणाली, "बाबा, मी देतेय." आई म्हणाली, "लाँचला अर्धं घेतलं होतं. आता ५८ वर्षांचा झालाय, पूर्ण लागणारच."

मग तयारी सुरू झाली. आमच्या ओळखीचा एक सुतार रेवदंड्याच्या खाडीवर होड्या बांधतो. त्याने पातळ प्लायवुडची हलकी पेटी करून दिली. मोजमाप घेताना त्याने भोपळ्यावर टिचकी मारून कान लावला आणि म्हणाला, "होडी अशीच वाजवून बघतात. फुटलेली असेल तर सांगते." पेटीला आतून अस्तर हवे होते. आईने ट्रंकेतून स्वतःच्या नऊवारी लुगड्यांची जुनी गोधडी काढून दिली.

तारा ढिल्या केल्या. घोडी पुष्कळदा तारांच्या दाबानेच जागेवर उभी असते, म्हणून पेन्सिलीने तिची जागा आखून ती वेगळी गुंडाळली. मणी कागदात बांधून वर नावे लिहिली. शेजारचे एक गृहस्थ येऊन सांगून गेले की वर हवेचा दाब कमी झाला की तारा तुटतात. पण विमानाच्या पोटात आणि प्रवाशांच्या कक्षात दाब सारखाच असतो. वाद्याचे खरे वैरी दोन. एक फेकणारे हात आणि दुसरी कोरडी हवा. उडत्या विमानातली आर्द्रता पुष्कळदा वीस टक्क्यांच्याही खाली जाते. ज्याने साठ पावसाळे अलिबागचा दमटपणा प्यायला, त्याला हा उपासच.

आमच्या जिल्ह्यातच, उलव्याला, नवा विमानतळ झाला आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरात विमाने उडू लागली. नाना असते तर म्हणाले असते, की समुद्र ओलांडायचा त्रास वाचला! पण पुतणीचे विमान मुंबईच्या जुन्या विमानतळावरून होते. आईने दारातच निरोप दिला. गाडीत पेटी ठेवल्यावर तिने झाकणावरून हात फिरवला, नातीच्या गालावरून फिरवला, आणि आत निघून गेली.

विमानतळावर तिकीट तपासणाऱ्या मुलीने संगणकात पाहिले. पुतणीच्या आडनावापुढे सीबीबीजी अशी अक्षरे होती. जागा अडवून बसणाऱ्या सामानाची ती खूण. मुलगी मराठी निघाली. तिने हसून विचारले, "यांना खिडकी ना?" नियमच तसा आहे. दुसऱ्याची वाट अडू नये म्हणून वाद्याला खिडकी देतात. पुढचे पुतणीने फोनवर सांगितले. सुरक्षा तपासणीच्या जवानाने पेटी उघडायला लावली आणि "बजाके दिखाइए" म्हणाला. तारा उतरवल्या आहेत, वाजणार नाही, असे तिने सांगितले. तो क्षणभर थांबला, म्हणाला, "हमारे गाँव में भी है एक," आणि गोधडी स्वतःच्या हाताने नीट सारखी करून दिली. पट्टा बांधून तंबोरा खिडकीशी बसला. त्याला जेवण दिले नाही.

तंबोरा अखंड पोचला. पण खरी परीक्षा पुढेच होती. टोरांटोचा जानेवारी म्हणजे बाहेर बर्फ आणि घरात चोवीस तास चालणारी उष्णता. हवा अगदी शुष्क. तिसऱ्या आठवड्यात पुतणीचा फोन आला. घोडी खुणेवर बसवली, मणी घातले, तारा चढवल्या, पण खुंट्या धरत नाहीत. पिळून सोडल्या की आपोआप फिरतात. तिचा आवाज रडवेला होता. दादाचा चेहरा उतरला.

आईने फोन हातात घेतला. "लाकूड सुकलंय. घाबरू नकोस. खोलीत पाण्याचं पातेलं ठेव. आणि खुंट्या काढून त्यांना खडू घास. पांढरा, साधा."

दुसऱ्या रात्री पुन्हा फोन आला. या वेळी पलीकडून कोणी बोलले नाही. पंचम, जोड, जोड, खर्ज. पंचम, जोड, जोड, खर्ज. आई डोळे मिटून ऐकत होती. वाकलेली बोटे मांडीवर तारांच्या क्रमाने हलत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पंचम किंचित उतरलाय."

पलीकडे खुंटी पिळल्याचा बारीक आवाज झाला.

"हं. आता गा."

आता दिवाळी आली. टोरांटोत थंडी सुरू होईल, घरे तापू लागतील आणि खुंट्या पुन्हा सैल पडतील. फराळाचे पार्सल कालच बांधले. चकल्या, कडबोळी, अनारसे, आणि मधोमध, मोडू नये म्हणून पोह्यांच्या चिवड्यात पुरलेला, खडूंचा एक डबा. मास्तरांच्या घरातून दुसरे काय जाणार!